रापीची पाठ आणि हेदाची फळी

पुस्तकबांधणीच्या व्यवसायाला लागणाऱ्या हत्यारांची यादी फार मोठी नाही. शिकंजा, आरी, दाभण, हाडाची पट्टी, कातर आणि कडा कापण्याचे पाते एवढ्या सरंजामावर एका माणसाचे आयुष्य निभावून जाते. परंतु ज्या हत्याराच्या गुणावगुणावर बांधणीची अब्रू अखेर अवलंबून असते, ते म्हणजे चामडे सोलून पातळ करण्याची रापी. ग्रंथाच्या पाठीवर चढवावयाचे चामडे मध्यभागी जाड असले तरी चालते, किंबहुना ते तसे असावेच लागते, कारण ग्रंथ उघडताना आणि मिटताना सगळा ताण तेच सोसते. मात्र जेथे ते पुठ्ठ्याच्या कडेवरून आत वळवावयाचे असते, तेथे ते कागदाइतके पातळ व्हावे लागते, नाहीतर आतल्या बाजूस उंचवटा राहतो, वरचा कागद त्या उंचवट्यावर ताणून बसतो आणि काही पावसाळे उलटल्यावर नेमका तेथेच फाटतो. रापी किंचित जरी बोथट असली तरी चामडे कापले न जाता ओढले जाते, त्याला सुरकुती पडते, आणि सुरकुतीच्या टोकाशी पाते एकदम खोल जाऊन भोक पडते. शिवण कितीही नेटकी असो, पाठ कितीही सुडौल असो, भोक पडलेल्या चामड्याला त्यानंतर कोणताही उपाय नाही.

माझे दुकान खडेबाजारात आहे. गणपत गल्ली आणि मारुती गल्ली यांच्या शेजारचा हा रस्ता बेळगावच्या व्यापाराचा जुना कणा असल्यामुळे कापडवाले, सराफ आणि भांडीवाले यांच्या कीर्दी-खतावण्या बांधण्याचे काम आमच्या घरी पूर्वापार चालत आले. दिवाळीतल्या वहीपूजनाच्या आधीचा महिना म्हणजे आमचा सुगीचा काळ असे. आता हिशेब यंत्रावर गेले आणि वह्या पूजेपुरत्या उरल्या. परंतु त्याऐवजी दुसरे एक काम वाढले, व ते मला अधिक जिव्हाळ्याचे वाटते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि त्याच्याही पूर्वीच्या पिढ्यांचा सारा व्यवहार मोडी लिपीत झाला असल्यामुळे येथील जुन्या घराण्यांतून सनदा, वाटणीपत्रे, इनामांच्या नकला, कज्ज्यांचे फैसले यांचे रुमालच्या रुमाल माळ्यावर पडून आहेत. वाटणीच्या किंवा वाडा पाडण्याच्या निमित्ताने ते खाली येतात, घरातला कोणी जाणता माणूस ते माझ्याकडे आणतो, आणि ‘याचं काहीतरी नीट करून द्या’ एवढेच सांगून जातो. असल्या ठिसूळ कागदाला आधाराची पट्टी लावताना ती पट्टी कडेला शून्यापर्यंत पातळ करावी लागते, आणि हे काम अशा पात्याचे आहे की ज्याला धार आहे एवढे म्हणून भागत नाही. ती धार सर्वत्र सारखी, निर्मळ आणि सरळ असावी लागते.

धार लावण्याविषयी आपल्याकडे असा सार्वत्रिक समज आहे की, ती दगडावर लागते. ते अर्धेच खरे आहे. कुरुंदाचा खरबरीत दगड पात्याचे पोलाद झिजवतो व त्याला उतार देतो, त्यानंतरचा मऊ दगड त्या उतारावरचे ओरखडे बारीक करतो. पण उताराच्या दोन्ही बाजू जेथे एकत्र येतात, त्या अगदी टोकाला पोलाद इतके पातळ होते की दगडाच्या रेट्याखाली ते कापले न जाता पलीकडच्या बाजूला वळते. बोट पात्याच्या अंगावरून धारेच्या दिशेने अलगद बाहेर सरकवले, तर ही वळलेली कोर बोटाला चक्क लागते. पुष्कळ लोक ती लागली की धार आली असे समजून थांबतात. वास्तविक ती धार नसून धारेवर लोंबणारा मळ असतो, आणि पहिल्याच दोन-चार कापांत तो मोडून पडला की मागे दातेरी, बोथट कड उरते. सायकलवर चाक बसवून गल्लोगल्ली फिरणाऱ्या धारवाल्याकडून आणलेली सुरी दोन दिवसांत पुन्हा उतरते, याचे निम्मे कारण हेच. उरलेले निम्मे असे की, कोरड्या चाकावर ठिणग्या उडेपर्यंत पाते तापले की साध्या पोलादाचे पाणी उतरते, आणि मग त्या मऊ झालेल्या कडेवर कोणतीच धार टिकत नाही.

ही कोर मोडून न पाडता हळूहळू सरळ करून, घासून, नाहीशी करण्याचे काम चामड्याचे. ते काम आपल्याकडे जितके न्हावी मंडळींना उमगले होते तितके दुसऱ्या कोणाला उमगले असेल असे मला वाटत नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक वृद्ध कारागीर होते, त्यांच्या दुकानात खुर्चीच्या बाजूला कापडाचा एक व चामड्याचा एक असे दोन पट्टे एकाच कडीला टांगलेले असत. वस्तरा आधी कापडावर, मग चामड्यावर फिरे, आणि तो फिरताना त्यांचे लक्ष गिऱ्हाइकाशी चाललेल्या बोलण्यात असूनही मनगट तसूभरही चुकत नसे. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीने अर्ध्या ब्लेडचे वस्तरे सर्वत्र आले, दर गिऱ्हाइकाला नवे पाते बसू लागले, आणि ते योग्यच झाले. पण त्या पट्ट्यांचे काम तेथे संपले. मी त्यांच्याकडे हात शिकण्यासाठी जात असे. ते म्हणत, ‘वजन घालू नकासा, मालक. वस्तरा आपलं वजन आपणच घेतोय की. तुम्ही नुस्तं त्याला वाट दाखवा.’ हा उपदेश मी आजवर ऐकलेल्या धारेसंबंधीच्या सर्व उपदेशांत शहाणपणाचा आहे.

तथापि टांगलेला पट्टा रापीला उपयोगी नाही, आणि याचे कारण नीट समजून घेतल्याखेरीज चामडे चिकटवलेली लाकडी फळी का करावयाची हे कळणार नाही. वस्तऱ्याचे पाते दोन्ही अंगांनी पोखरलेले असते. त्याची जाड पाठ आणि त्याची धार अशा दोन रेषाच काय त्या चामड्याला टेकतात, आणि त्या दोन रेषांमधल्या अंतराने कोन आपोआप ठरतो. पट्टा थोडा लवला तरी हा कोन फारसा बिघडत नाही. रापीची घडण अगदी निराळी आहे. तिला उतार एकाच बाजूला असतो. दुसरी बाजू, जिला आम्ही पाठ म्हणतो, ती धारेपर्यंत संपूर्ण सपाट असावी लागते, कारण चामडे सोलताना हीच पाठ चामड्यावर टेकून पुढे सरकते आणि खोली किती जावी याचा सर्व बंदोबस्त तीच करते. लवणाऱ्या पट्ट्यावर ही पाठ ओढली की चामडे धारेच्या पुढे किंचित वर उसळते आणि धारेचा शेवटचा केसभर भाग गोलसर करून टाकते. डोळ्यांना ते दिसत नाही, कागदही तसली रापी छान कापते. पण चामड्यावर टेकवली की ती वरच्या वर घसरते, आणि ती पकडावी म्हणून हाताने मागचा भाग उचलला की एकदम खोल शिरते. म्हणून रापीला हवा तो ताठ, न लवणारा, सपाट आधार. त्यावरचे चामडे शक्य तितके पातळ. आणि खरी परीक्षा त्या चामड्याची नसून खालच्या लाकडाची. या एका गोष्टीबद्दल माझे मत इतके पक्के झाले आहे की कोणी फळी दाखवावयास आणली तर मी आधी तिची चामड्याची बाजू न पाहता लाकडाची बाजू पाहतो.

लाकूड कोणते घ्यावे हा प्रश्न बेळगावात तरी लाकडाच्या दुष्काळातून निर्माण होत नाही. दक्षिणेला खानापूर तालुक्याचे रान आणि त्यापलीकडे दांडेली, त्यामुळे शहराच्या वखारींत नाना जातींचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. सागवान सर्वांच्या तोंडी असते, आणि ते वळत-फुगत कमी हे खरे आहे. पण त्याच्या अंगात तेल असल्यामुळे सरस किंवा कोणताही चिकट पदार्थ त्यावर मनापासून धरत नाही, शिवाय त्यात वाळूसारखा जो गारेचा अंश असतो तो रंध्याचे पाते पाहता पाहता बोथट करतो. शिसव देखणे आणि भारी, पण त्याचा रंग व त्याचे मोल दोन्ही या कामाला अधिक आहेत. आंबा स्वस्त, परंतु त्याला भुंगा लागतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तो पाठ फिरवतो. मला मनापासून आवडले ते हेदाचे लाकूड. पिवळसर, घट्ट, बारीक आणि एकसारख्या पोताचे हे लाकूड पूर्वी फण्या, आखणीच्या पट्ट्या आणि मागाच्या कांड्या यांसाठी वापरत असत. आणि शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत मागाची कामे करणाऱ्या एका सुतारानेच मला ते प्रथम हातात दिले. रंधा त्यावरून कुठेही न अडखळता जातो, आणि एकदा सपाट झालेले हेद सपाटच राहते, मात्र ते मुरलेले असले पाहिजे व त्याची फाळ अशी काढलेली असली पाहिजे की ओंडक्यातली वर्तुळे फळीच्या रुंदीला उभी येतील. वर्तुळे आडवी आली तर फळी कितीही जुनी असो, आषाढातल्या दमट हवेत ती मधोमध उचलणारच. म्हणून लाकूड मी हिवाळ्यात आणून ठेवतो आणि रंधणे चैत्र-वैशाखात करतो.

माप साधे आहे: १२ इंच लांब, ३ इंच रुंद, ६ सूत जाड, त्याहून लांब फळी मेजावर अडचण करते, त्याहून आखूड फळीवर हात मोकळा चालत नाही. मूठ ठेवावयाची असेल तर ४ इंच अधिक धरावे. रंध्याने काढलेला सपाटपणा गुण्याने तपासून समाधान मानण्याची पुष्कळ सुतारांची रीत आहे, परंतु गुण्या एका वेळी एका रेषेपुरताच न्याय करतो. मी जाड काचेच्या तुकड्यावर काचकागद पसरतो, फळीच्या अंगावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा ओढतो, आणि सर्व रेघा एकाच सुमारास पुसल्या जाईपर्यंत फळी त्यावर हलक्या हाताने फिरवतो. ज्या जागी रेघ मागे राहते ती जागा खोल आहे हे उघडच असते. काम कंटाळवाणे आहे असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मला तरी यापेक्षा मन निवांत करणारे काम ठाऊक नाही.

चामड्याच्या बाबतीत या सीमाभागाला परमेश्वराने उजव्या हाताने दिले आहे. ज्या पायताणाला सारे जग कोल्हापुरी म्हणून ओळखते, ते निपाणीस आणि अथणीकडेही पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. २०१९ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे एकाच नावाखाली नोंदले गेले, आणि त्यांत बेळगाव आहे. सरकारदरबारी सीमेचा तंटा इतकी दशके चालू असता चामड्याने मात्र ती सीमा मानली नाही, हे मला सुखावह वाटते. या पायताणाचे चामडे चुन्यात टाकून केस काढल्यावर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कमावतात. हे रासायनिक क्षारांनी कमावलेल्या बाजारी चामड्यासारखे मऊ, ताणले जाणारे नसते. ते घट्ट, थोडे कोरडे आणि ताठ असते, आणि फळीला नेमके तेच हवे. तळव्यासाठी वापरतात ते म्हशीचे चामडे आहे तसे फार जाड पडते. म्हणून निपाणीच्या कारागिराकडून मी जनावराच्या पाठीकडचा तुकडा मागून घेतो, कारण पोटाकडचे चामडे सैल असते व चिकटवल्यावरही ठिकठिकाणी दबते. आणि तो तुकडा माझ्याच रापीने सोलून एक सुतापेक्षाही पातळ करतो. जी रापी पुढे या फळीवर परजली जावयाची तीच रापी तिचे चामडे तयार करते, यात मला एक प्रकारचा न्याय दिसतो.

चिकटवण्यासाठी जुने लोक सरस वापरीत. आमच्या दुकानात मोरचूद घातलेली मैद्याची खळ सदैव तयार असते, पण दोन्हींना येथल्या पावसाची बाधा होते, आणि १९५९ मध्ये बाजारात आलेले फेव्हिकॉल या एका कामापुरते त्यांच्यापेक्षा निर्विवाद सरस आहे. ते फळीवर पातळ आणि सारखे पसरावे, चामड्याची केसांकडची गुळगुळीत बाजू वर ठेवावी, वर काचेचा तुकडा देऊन सगळे शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवावे. पुस्तक बांधणाऱ्याजवळ शिकंजा असतो ही त्याची मोठीच सोय. इतरांनी दोन सपाट फळ्या आणि जाते किंवा पाटा यांवर भागवावे. मांसाकडची बाजू वर ठेवावी असे म्हणणारे अनुभवी लोक मला भेटले आहेत. ती बाजू पूड अधिक धरते हे खरे, परंतु तिची लव दाबाखाली खाली-वर होते, आणि पुन्हा त्याच लवण्याच्या दोषाकडे आपण परत जातो.

पुडीवाचून निव्वळ चामडे साध्या पोलादाला पुरते. पण हल्लीच्या पुष्कळ रापी उद्यमबागेतल्या कारखान्यांतून टाकून दिलेल्या यांत्रिक करवतीच्या पात्यांपासून घडवलेल्या असतात. ते पोलाद तापूनही आपले पाणी सोडत नाही, कुरुंदालाच मुश्किलीने वश होते, तेव्हा कोऱ्या चामड्याला ते दाद देत नाही यात नवल नाही. त्यासाठी हिरवी वडी लागते. भांड्यांना आणि यंत्रांच्या भागांना झिलई देणारे लोक तिला लस्टर म्हणतात. तिच्यातला हिरवा पदार्थ म्हणजे क्रोमियमचे भस्म, ते पाणी दिलेल्या पोलादापेक्षाही कठीण असते, आणि चांगल्या प्रतीत त्याचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. चामड्यावर ही वडी मेणाच्या खडूप्रमाणे एकदाच हलकेच ओढावी. जाड थर देण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्या थरात पोलादाचा काळा मळ साचतो आणि पुढे चामडे काम न करता मळच काम करू लागतो.

परजण्याची रीत आता दोन शब्दांत सांगता येईल. धार नेहमी मागे राहील अशा दिशेने पाते ओढावे. धार पुढे करून ढकलले तर ते चामडे कापील. उताराची बाजू उताराच्या कोनातच टेकवून दहा-बारा हात, मग पाठ संपूर्ण सपाट ठेवून तेवढेच किंवा त्याहून कमी, आणि प्रत्येक ओढीच्या शेवटी पाते उचलूनच उलटावे, जागच्या जागी धारेवर लोळवू नये. दाब वृद्ध कारागिरांनी सांगितला तेवढाच.

याच संदर्भात केकताडाचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. चिकोडी-हुक्केरीच्या बाजूला शेतांच्या बांधांवर ही काटेरी झाडे कुंपणासाठी लावलेली दिसतात. त्यांच्या पानांपासून वाख काढून दोर वळतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण आयुष्यात एकदाच येणारा त्यांचा तो पुरुष-दीड पुरुषांहूनही उंच फुलदांडा वाळल्यावर लोक जाळून टाकतात. तो दांडा उभा चिरला तर आतला गाभा हलका, मऊ, सच्छिद्र निघतो, आणि त्यात निसर्गतःच गारेचे अतिसूक्ष्म कण असतात. जुन्या इंग्रजी ज्ञानकोशांतून असे नमूद आहे की, अशा चिरलेल्या दांड्याचा वस्तरा परजण्यासाठी उपयोग होतो. चामडे नको, पूड नको, सरस नको. मी तो करून पाहिला, आणि साध्या पोलादाच्या चाकूला शेवटचा हात देण्यास त्यासारखे दुसरे काही नाही असे निःशंकपणे सांगतो. त्याचा गाभा लवकर झिजतो एवढाच दोष, आणि ज्या वस्तूचे मोल शून्य आहे तिच्या बाबतीत हा दोष मानण्याचे कारण नाही.

फळ्यांची वार्ता बाजारात पसरल्यापासून निरनिराळे लोक आपापली हत्यारे घेऊन येतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना मला परत पाठवावे लागते. शिंप्याच्या कातरीला फळी दाखवू नये. तिच्या धारेवरचे बारीक दाते कापड धरून ठेवतात, ते पुसले गेले तर कापड पात्यांमधून निसटते. निपाणीकडचे शेतकरी तंबाखू कापण्याचा कोयता आणतात, त्याला दगड पुरेसा आहे. घरातल्या विळीवर मांस किंवा मासळी कापावयाची असेल तर परजावी, पण टोमॅटोची साल अतिगुळगुळीत धारेखाली सरकते, तेथे मऊ दगडावरची धारच बरी. रापी, सुताराची पटाशी, कोरीव कामाची हत्यारे, कलम छाटण्याचा चाकू: ज्यांचे काम सोलण्याचे आणि रेटून कापण्याचे आहे, तेवढ्यांचीच फळी.

कोरीव कामाच्या हत्यारांनी मात्र माझ्या सपाटपणाच्या सिद्धांताला एक पुरवणी जोडावयास लावली. मिरजेला सतार आणि तंबोरे करणाऱ्यांची जी जुनी वस्ती आहे, तिथल्या एका कारागिराने आपल्या गोल पटाश्या माझ्याकडे आणल्या. वेलबुट्टी कोरण्याच्या त्या पटाशीची धार अर्धचंद्राकार असते, आणि सपाट फळीवर तिचा एका वेळी एक बिंदूच टेकतो. त्या पटाशीने स्वतःच पांगाऱ्याच्या मऊ लाकडात खाच कोरावी, त्या खाचेला हिरवी वडी चोळावी, आणि तीच पटाशी त्याच खाचेतून मागे ओढावी, म्हणजे बाहेरची गोलाई अचूक परजली जाते. आतल्या गोलाईसाठी त्याच लाकडाची कड रंध्याने तिच्या मापाची गोल करून घ्यावी. येथे चामडे अजिबात नको, कारण लाकूडच हत्याराचा आकार घेते. त्यांच्या सात निरनिराळ्या मापांच्या पटाश्यांसाठी एकाच फळीवर सात खाचा हव्या होत्या. पांगारा गेल्या वर्षीच्या छाटणीचा, चांगला वाळलेला मिळाला. पाच खाचा झाल्या आहेत, आणि सर्वांत बारीक दोन पटाश्यांच्या खाचा कोरताना लाकडाचे तंतू उपटून येत असल्यामुळे तेवढ्या दोहोंपुरता हेदाचा तुकडा फळीच्या टोकाला जोडावा असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.